विषाची मात्रा आणि भुताची साक्ष

अगाथा ख्रिस्तीची ‘द हर्ब ऑफ डेथ’ नावाची एक छोटी कथा आहे. बदकाच्या पोटात भरायच्या मसाल्यासाठी बागेतून सेजची पानं खुडली जातात आणि त्यांच्यात शेजारच्या फॉक्सग्लोव्हची पानं मिसळतात. त्या रात्री जेवायला बसलेले सगळे आजारी पडतात, पण मरते एकच तरुण मुलगी. ही हकिगत ऐकायला बसलेल्यांत स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुख आहे, एक डॉक्टर आहे. दोघंही चाचपडतात. उत्तर देते ती विणकाम करत बसणारी मिस मार्पल, कारण तिला बागही ठाऊक आहे आणि माणसंही. उकल इथे फोडत नाही. एवढंच सांगतो की सगळे आजारी पडले आणि एकच दगावली, या विषमतेतच सगळी गोम आहे.

या पुस्तकाचा विषय त्या कथेत अर्धाअधिक सापडतो. इंग्रजीत ज्याला ‘कोझी मिस्ट्री’ म्हणतात, त्या रहस्यकथेचा बाज आपल्या वाचकाला अनोळखी नाही. गाव लहान, माणसं एकमेकांना ओळखणारी, खून शक्यतो पडद्याआड, रक्तपात नाही, आणि शोध लावणारी व्यक्ती पोलीस नसून दुकानदार, ग्रंथपाल, माळी किंवा कुणाची तरी आत्या. या कुळाची एक फांदी वनस्पतींची आहे: बागेत विष, कपाटात काढे, आणि नायिका त्या दोहोंतली रेघ ओळखणारी. त्या फांदीला अलीकडे आणखी दोन फुटवे आले. एक भुताचा, दुसरा दोन काळांचा, म्हणजे आजची एक गोष्ट आणि शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची दुसरी, एकाआड एक प्रकरणांतून सांगितलेल्या. औषधी वनस्पती, भूत आणि दोन काळ हे तिन्ही एकत्र येतात त्या कादंबऱ्या या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहेत. ही जुळणी बाजाराने केलेली आहे हे मला मान्य आहे. पण ती जुळते, आणि का जुळते याचा शोध घेण्याजोगा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्यांची साक्ष कुणी घेत नाही, त्यांच्या ज्ञानाने या कथा सुटतात. म्हातारी अविवाहित बाई, मठातला माळी, औषधाच्या दुकानातली मदतनीस, स्वयंपाकीण, मोलकरीण. भूत हे या रांगेतलं शेवटचं माणूस आहे. मेलेल्याला कुठल्याच न्यायालयात साक्षीला उभं करता येत नाही.

सुरुवात औषधाच्या दुकानातून करायला हवी. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इंग्लंडमधल्या टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होती, आणि औषधं तयार करण्याची परीक्षाही तिने 1917 साली दिली. शिकवणी घेणाऱ्या एका औषधविक्रेत्याची आठवण तिने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. हे गृहस्थ खिशात क्युरारेचा गोळा बाळगत, कारण त्यामुळे आपल्या अंगी ताकद आल्यासारखं त्यांना वाटे. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या बाणांचं विष. त्यांनीच एकदा दशांशचिन्ह चुकवलं आणि औषधाची मात्रा दसपट झाली. नवशिकी मुलगी मोठ्या माणसाला चूक कशी दाखवणार? तिने तबक ‘चुकून’ खाली पाडलं आणि पडलेल्या वड्या पायाखाली चिरडल्या. पुढे ज्या बाईने साठाहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, तिचं सगळं शिक्षण मला या एका प्रसंगात दिसतं. औषध आणि विष यांच्यामध्ये फक्त एक टिंब असतं. ते टिंब कुणाच्या लक्षात येतं आणि कुणाला बोलता येत नाही, हाच पुढे गोष्टीचा ऐवज होतो.

तिची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरिअस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ 1920 साली आली. शंभर वर्षांहून जुन्या पुस्तकाची उकल फोडल्याचं पाप माथी घेऊन सांगतो: बळ येण्यासाठी घ्यायच्या औषधात थोडं स्ट्रिक्नीन असतं. त्यात ब्रोमाइडची पूड पडली की स्ट्रिक्नीनचा साका हळूहळू तळाशी बसतो. रोजचा डोस निर्धोक, शेवटचा मात्र प्राणघातक. इंग्लंडमधल्या औषधशास्त्राच्या नियतकालिकाने या पुस्तकाच्या अचूकपणाचं कौतुक केलं, आणि ख्रिस्तीला त्या कौतुकाचं अप्रूप होतं. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्ट्रिक्नीन ज्या कुचल्याच्या बियांतून काढतात, ते झाड कोकणात काजरा म्हणून ओळखलं जातं. इंग्रजी रहस्यकथेच्या महाराणीने पहिला खून केला तो आपल्याकडच्या झाडाच्या विषाने.

त्यानंतरची तिची वनस्पतींची यादी लांबलचक आहे. 1942 सालच्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये हेमलॉक, 1953 सालच्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये यू झाडाचं विष, तेही मुरंब्यातून. टॉर्कीच्या टॉर अ‍ॅबीत तिच्या पुस्तकांतल्या विषारी झाडांची एक बागच लावलेली आहे.

या फांदीचा दुसरा मोठा माळी एलिस पीटर्स. खरं नाव इडिथ पार्जेटर. तीही तरुणपणी औषधाच्या दुकानात काम केलेली. तिचा नायक ब्रदर कॅडफेल हा बाराव्या शतकातला श्रूजबरीच्या मठातला साधू. तारुण्यात धर्मयुद्धात लढलेला, दर्यावर्दी, आणि आता मठाच्या औषधी बागेचा राखणदार. 1977 साली पहिलं पुस्तक आलं, 1994 साली विसावी कादंबरी आली आणि पुढच्या वर्षी लेखिका गेली. ‘मंक्सहूड’ या 1980 सालच्या कादंबरीत कॅडफेलने सांधेदुखीवर चोळण्यासाठी केलेलं तेल कुणीतरी जेवणात घालतं. तेल मंक्सहूडचं, म्हणजे आपल्या बचनागाच्या चुलतभावाचं. कॅडफेलची कोंडी इथे खरी आहे: औषध त्याने केलं, खून दुसऱ्याने केला, आणि बाटलीवर हात मात्र त्याचा. आपल्या वैद्यांना ही कोंडी चांगली समजेल. बचनाग शुद्ध केल्याशिवाय औषधात घालू नये, हे आयुर्वेद उगाच बजावत नाही.

कॅडफेलमुळे एक नवी वाट उघडली. वनस्पती जाणणारा माणूस भूतकाळात नेऊन ठेवता येतो, आणि तिथे तो आपल्या काळातल्या प्रयोगशाळेपेक्षा जास्त उपयोगी ठरतो. या वाटेवर आजच्या मराठी तरुणांना भेटलेली पात्रं मात्र सगळी इंग्लंडची नाहीत. जपानी लेखिका नात्सु ह्यूगा हिची ‘द अपोथेकरी डायरीज’ ही मालिका चीनच्या राजवाड्यासारख्या एका काल्पनिक दरबारात घडते. तिची नायिका माओमाओ औषधं विकणारी, रंगमहालांच्या वस्तीत वाढलेली आणि अंतःपुरात दासी म्हणून आलेली. राजघराण्यातली तान्ही मुलं का दगावतात हे ती शोधते, तर कारण निघतं तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत. 2023 साली यावर अ‍ॅनिमे आली आणि आपल्याकडच्या अनेक घरांत पोरांनी आईबापांना ती दाखवली. इथेही शहाणं माणूस दासीच्या वेशात आहे. हा योगायोग नाही.

अमेरिकेत ही फांदी वेगळ्या जमिनीत रुजली. 1992 साली सुसन विटिग अल्बर्टची ‘थाइम ऑफ डेथ’ आली. नायिका चायना बेल्स ह्यूस्टनमधली फौजदारी वकिली सोडून टेक्ससमधल्या पेकन स्प्रिंग्ज नावाच्या काल्पनिक गावात औषधी वनस्पतींचं दुकान थाटते. शेजारच्या दुकानातली रूबी विल्कॉक्स ज्योतिष, टॅरो आणि अतींद्रिय गोष्टींत रमलेली. एक वकील, एक साक्षात्कारी. एकीला पुरावा लागतो, दुसरीला चाहूल पुरते. ही जोडी मालिकेत पुढे जे करते, त्याची तयारी पहिल्याच पुस्तकात झालेली आहे. याच सुमारास पाककृतींच्या, मांजरांच्या, विणकामाच्या कोझी कादंबऱ्यांची पैदास इतकी वाढली की सगळ्या मोजायचा प्रयत्न मी सोडून दिला. बऱ्याच एकदा वाचून विसरण्याच्या लायकीच्या आहेत. प्रकरणाच्या शेवटी केकची कृती दिली म्हणजे रहस्य शिजतं असं नाही.

आता भुताकडे येऊ. रहस्यकथेच्या घराने भुताला बराच काळ उंबऱ्यातूनच परत पाठवलं. 1929 साली रोनाल्ड नॉक्सने गुप्तहेरकथेचे दहा दंडक मांडले. त्यात अतिमानवी शक्तींना बंदी होती, आणि अजून शोध न लागलेल्या विषांनाही. विष आणि भूत यांना एकाच न्यायाने बाहेर काढलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वाचकाला जे तपासता येत नाही ते कथेत नको, एवढाच त्याचा अर्थ. मग भूत परत कसं आलं? अटी मान्य करून. नॅन्सी अ‍ॅथर्टनच्या ‘आंट डिमिटी’ मालिकेत भूत एका निळ्या वहीत लिहून बोलतं, सल्ला देतं, पण गुन्हेगाराचं नाव आयतं हातात ठेवत नाही. अ‍ॅलिस किंबर्लीच्या ‘हाँटेड बुकशॉप’ मालिकेत तर भूतच जुना खासगी गुप्तहेर आहे, आणि तरीही शोधाची पायपीट जिवंत विधवेलाच करावी लागते.

हा करार चांगल्या लेखनाची कसोटी आहे. भुताने गाऱ्हाणं सांगावं, निकाल देऊ नये. खुनी कोण हे भुताने सांगितलं की कादंबरी तिथेच संपते. वाचक गप्प राहतो, पण पुढचं पुस्तक विकत घेत नाही.

मराठी माणसाला ही भुतं अधिक जवळची वाटावीत. आपलं भूतही विनाकारण हिंडत नाही. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते म्हणून तो पिंपळावर असतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, कोकण-गोव्याचा देवचार हद्द राखतो आणि मान मागतो. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं असतं. पण आपल्या साहित्यात ही दोन दुकानं निरनिराळी राहिली. एकीकडे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, शेकडो पुस्तकांत पळत सुटलेले. दुसरीकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी, ज्यांनी भयाला आणि गूढाला मराठी घरात आणून बसवलं. धारपांचा समर्थ शोध घेतो, पण त्याच्या हाती लागतं ते अमानुष असतं. वाड्यात भूत आहे, परसात धोतरा आहे, आणि खून माणसानेच केला आहे, अशी निवांत चालीची मराठी कादंबरी मला अजून भेटायची आहे. हिंदी सिनेमाने मात्र ‘मधुमती’त 1958 सालीच दाखवून दिलं की मागच्या जन्मातला खून भुताच्या मदतीने उघड करता येतो.

दोन काळांचं तंत्र त्या मानाने जुनं. विल्की कॉलिन्सच्या 1868 सालच्या ‘द मूनस्टोन’ची मुळं 1799 सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत आहेत, आणि त्यातही अफूचं काम मोठं आहे. ए. एस. बायटच्या ‘पझेशन’ने 1990 साली या तंत्राला प्रतिष्ठा दिली. 2021 सालच्या सारा पेनरच्या ‘द लॉस्ट अपोथेकरी’त 1791 सालच्या लंडनमध्ये एक बाई गुपचूप विषं विकते, तीही फक्त बायकांना, आणि आजची एक बाई थेम्सच्या चिखलात सापडलेल्या कुपीवरून तिच्यापर्यंत पोचते. कल्पना उत्तम. मला आजचा भाग मात्र कालच्यापुढे फिका वाटला, आणि हे या तंत्राचं नेहमीचं दुखणं आहे. आजच्या माणसाला काहीतरी असं कळायला हवं जे कालच्या माणसाला कळणं शक्य नव्हतं, नाहीतर एका पुठ्ठ्यात बांधलेल्या दोन अर्ध्या कादंबऱ्या उरतात.

या पुस्तकात ज्या कादंबरीवर सर्वाधिक पानं खर्ची पडली आहेत ती अल्बर्टची ‘विडोज टिअर्स’, 2013 सालची. वनस्पती, भूत आणि दोन काळ यांचा मेळ इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. जुना काळ 1900 सालचा, टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन शहराच्या वादळाचा. रेचल ब्लॅकवुड त्या वादळात सगळं कुटुंब गमावते आणि नंतर समुद्रापासून दूर, राउंड टॉप गावी, आपल्या बुडालेल्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधते. शंभर वर्षांनी ते घर वारशाने जिच्याकडे येतं, ती घर झपाटलेलं आहे का हे पाहायला रूबीला बोलावते. इकडे पेकन स्प्रिंग्जमध्ये बँकेवर दरोडा पडतो आणि चायना त्यात ओढली जाते. दरोड्याचा धागा मला कामचलाऊ वाटला. वादळाची प्रकरणं मात्र वाचताना खाली ठेवता येत नाहीत.

त्याचं कारण इतिहासात आहे. 8 सप्टेंबर 1900 या शनिवारी गॅल्व्हेस्टन बुडालं तेव्हा तिथे सदतीस हजारांच्या आसपास लोक राहत होते, आणि शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फूटही नव्हता. पाणी पंधरा फुटांवर चढलं. मृतांचा आकडा साधारण 8,000 धरतात. सेंट मेरीज अनाथाश्रमातल्या दहा धर्मभगिनींनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्याशी बांधून घेतलं होतं. त्या आणि नव्वद मुलं गेली, तीन मुलगे वाचले. आणि मुख्य मुद्दा असा: क्यूबातल्या हवामानतज्ज्ञांचा अंदाज होता की वादळ टेक्ससकडे निघालंय. अमेरिकी हवामान खात्याला ते पटलं नव्हतं, आणि क्यूबातून वादळाच्या तारा पाठवण्यावर त्याच खात्याने निर्बंध घातले होते. ज्यांना माहीत होतं त्यांचं ऐकलं गेलं नाही. अशा शहराला भुतं असणारच. रेचलचं भूत कुणाला घाबरवायला आलेलं नाही. तिला सांगायचं आहे.

शीर्षकातल्या वनस्पतीबद्दल दोन शब्द. टेक्ससमध्ये ‘विधवेचे अश्रू’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी एक वनस्पती कॉमेलिना या प्रजातीतली आहे. फुलाखालचं होडीच्या आकाराचं पानासारखं आवरण चिमटीत दाबलं तर एक टपोरा थेंब बाहेर येतो. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. या प्रजातीतली आपली वनस्पती म्हणजे केना. पावसाळ्यात रानभाज्यांच्या वाट्यांत ती मिळते, भजी छान होतात. दोन निळ्या पाकळ्या ठळक आणि तिसरी नाममात्र. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने कॉमेलिना हे नाव देताना डच कॉमेलिन घराण्याचा विचार केला होता: दोघं नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. म्हणजे ज्या फुलात अल्बर्टला विधवा दिसली, त्यात लिनीयसला अकाली गेलेला एक माणूस दिसला होता. आपल्याला भजी दिसतात, आणि त्यातही काही वावगं नाही.

हे सगळं आजच का? कारण वनस्पतींबद्दलचा भोळेपणा आज जितका फोफावला आहे तितका आजीच्या काळात नव्हता. आजीबाईच्या बटव्यात काय किती घ्यायचं हे ठरलेलं असे. मोबाइलवर फिरणाऱ्या काढ्यांना मात्र मात्रा नसते. 2020 साली आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात करोनावर उपाय म्हणून धोतऱ्याच्या बिया घेतल्याने काही जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. 2024 साली केरळात कण्हेरीची पानं चघळल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याच्या बातमीनंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने देवळांतल्या नैवेद्यात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं. कण्हेरीचं विष हृदयावर काम करतं, अगदी ख्रिस्तीच्या फॉक्सग्लोव्हसारखं. फॉक्सग्लोव्ह आपल्या परसात नसतो. कण्हेर असते, आणि ती महामार्गाच्या दुभाजकावरही असते.

आपल्याकडे या कथांचा एक पूर्वज तर साडेचारशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात भारतातल्या औषधी वनस्पतींची चर्चा आहे. त्यातल्या एका संवादात धोतरा खिलवून दागिने लांबवणाऱ्या दासीची हकिगत येते, आणि धोतरा पोटात गेलेली माणसं हसत सुटतात हेही येतं. ओर्ता 1568 साली वारला. तो छुपा ज्यू होता असं ठरवून धर्मन्यायालयाने 1580 साली त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या पुस्तकात अँटोनिया नावाची दासी वनस्पती आणून देते, दोन वाक्यं बोलते आणि निघून जाते. तिला काय ठाऊक होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. औषधी वनस्पती, भूत आणि दोन काळ यांची मराठी किंवा कोकणी कादंबरी लिहायची असेल तर ती अँटोनियापासून सुरू व्हावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ओर्ताचं भूत आलंच तर त्याने मागच्या ओसरीवर बसावं.

या पुस्तकाचा बेत त्यामानाने साधा आहे. मूळ कादंबऱ्या न वाचलेल्यालाही ते वाचता यावं, वाचलेल्याला परत वाचावंसं वाटावं, आणि प्रत्येक विषारी पानाचं आपल्याकडचं भावंड ओळखता यावं. शेवटचे धक्के शक्य तिथे झाकून ठेवले आहेत. जिथे झाकले असते तर वनस्पतीचं काम कळलंच नसतं, तिथे आधी सूचना दिली आहे. भुतांच्या बाबतीत मी श्रद्धेचा किंवा अंधश्रद्धेचा वाद घातलेला नाही. कथेत भूत आपलं काम चोख करतं की नाही, एवढंच तपासलं आहे. ज्या पुस्तकांचं भूत फक्त मुखपृष्ठावर आहे, ती गाळली आहेत.

एक विनंती राहिली. बचनाग, धोतरा, कण्हेर, कळलावी, गुंज, काजरा यांची वर्णनं या पुस्तकात जागोजागी आहेत, पण मात्रा कुठेही दिलेली नाही. ती मुद्दामच दिलेली नाही. कृपा करून ती पत्राने विचारू नये, आणि पुस्तक हातात घेऊन परसात तर मुळीच जाऊ नये.